बंदूक कोणाच्या हाती, आणि कोणती?

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभासमोर लाखोंचा जनसमुदाय नतमस्तक होतो. स्तंभावरची नावे बोट ठेवून वाचली जातात. ज्यांच्या नावाअखेर 'नाक' आहे अशी आपल्या पूर्वजांची २२ नावे मुलाबाळांना दाखवली जातात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि हा इतिहास चळवळीचा झाला. पण एक प्रश्न आम्ही फारसा विचारत नाही. त्या शूरांच्या हातात बंदूक कोणती होती? ती कोणी दिली, केव्हा काढून घेतली आणि परत मिळवण्यासाठी किती अर्ज करावे लागले? शौर्य अंगात असते. बंदूक मात्र सरकार देते. आणि सरकार कोणाला कोणती बंदूक देते, यावरून त्याचा कोणावर किती भरवसा आहे हे कळते.

कोरेगावला शिपायांच्या खांद्यावर होती ती 'ब्राउन बेस' या नावाने ओळखली जाणारी चकमकीची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, शिशाची गोळी टाकायची, गजाने ठासायची, मग चाप ओढायचा. चकमकीची ठिणगी पडली तर बार उडणार, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. नळी आतून गुळगुळीत. शंभर यार्डांपलीकडे नेमक्या माणसाला गोळी लागेल याची शाश्वती नाही. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. शिरूरहून रात्रभर चालत आलेली, अन्नपाण्यावाचून असलेली पलटण अशा बंदुकांनिशी दिवसभर लढली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या २२ नावांचे वजन कळते.

एक बाब येथे नोंदवून ठेवू. कंपनीने हिंदुस्थानातील फौजेसाठी स्वस्तात बनवून घेतलेला या बंदुकीचा 'इंडिया पॅटर्न' हा नमुना फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर इंग्लंडच्या सरकारने १७९७ मध्ये खुद्द गोऱ्या फौजेसाठी उचलला. म्हणजे १८१८ मध्ये महार शिपायाच्या हातातली बंदूक आणि गोऱ्या शिपायाच्या हातातली बंदूक यांत फारसा फरक नव्हता. फरक पुढे पडला.

ज्या गावात महाराच्या सावलीचा विटाळ होता, त्याच गावचा महार कवायतीच्या मैदानावर सर्वांच्या रांगेत उभा राहिला. त्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे छावणीत शिपायांच्या मुलांसाठी शाळा होती. निवृत्तीनंतर पेन्शन होती. रामजी सुभेदार याच छावणीच्या शाळेतून घडले, पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. बंदुकीच्या पाठोपाठ पाटी आली. आम्ही तथागतांचे अनुयायी. हत्याराचे गोडवे गाणे हे आमचे काम नव्हे. पण आमच्या वस्तीत अक्षर कोणत्या वाटेने आले हे विसरून चालणार नाही.

आता रायफलीकडे येऊ. नळीच्या आत पिळासारखे आटे पाडले की गोळी स्वतःभोवती गिरक्या घेत सुटते आणि सरळ जाते. १८५३ सालच्या नमुन्याची एन्फील्ड ही अशी आट्यांची बंदूक इंग्रज फौजेची प्रमाण रायफल ठरली. तिचा पल्ला जुन्या बंदुकीच्या कितीतरी पट. तिच्या कागदी काडतुसाला चरबी लावलेली असे आणि ते दाताने तोडावे लागे. पुढचे सर्वांना पाठ आहे. शाळेच्या पुस्तकात मंगल पांडे आहे. पण जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे काय घडले ते त्या पुस्तकांतून क्वचितच वाचायला मिळते. तेथील दारूगोळ्याच्या कोठारात काम करणाऱ्या एका हलक्या मानलेल्या जातीच्या खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने विटाळाचे कारण सांगून नकार दिला. तेव्हा खलाशाने त्याला सुनावले की, थोड्याच दिवसांत गायी-डुकरांची चरबी तोंडाने तोडाल तेव्हा तुमची जात कोठे राहील? ही हकिगत इंग्रज अधिकाऱ्याने त्याच महिन्यात लेखी कळवली. सरकारी कागदात त्या खलाशाचे नाव नाही. मातादीन हे नाव पुढे दलित लोकपरंपरेने आणि पुस्तिकांनी जपले. ज्याला स्वातंत्र्यसंग्राम म्हणतात त्याची पहिली बातमी घोटभर पाण्याच्या नकारातून बाहेर पडली, याची लाज वाटून इतिहासकारांनी ती तळटीपेत ढकलली असावी, असे आम्हास वाटते.

उठाव मोडल्यावर राणीचे सरकार शहाणे झाले. तोफखाना, काही डोंगरी तुकड्या सोडल्या तर, गोऱ्यांकडेच ठेवला. किती देशी शिपायांमागे किती गोरे, याचे प्रमाण ठरवले. आणि रायफलीचे काय केले? देशी पलटणींसाठी एन्फील्डच्याच रूपाची, पण आटे काढून टाकलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक तयार करवली. बाहेरून पाहणाऱ्यास तीच एन्फील्ड. आतून पुन्हा ब्राउन बेसची बहीण! कारखान्यात मुद्दाम, पैसे खर्च करून, चांगले हत्यार वाईट करण्यात आले. पल्ला कमी, नेम कमी. उद्या हा शिपाई उलटला तर गोऱ्याच्या गोळीच्या टप्प्यात तो असेल, पण त्याच्या गोळीच्या टप्प्यात गोरा नसेल, हा त्यामागचा हिशेब.

मग हा नियमच होऊन बसला. १८६६ पासून गोऱ्यांना मागच्या बाजूने काडतूस भरण्याची स्नायडर मिळाली, तेव्हा देशी शिपाई ठासणीवरच. १८७१ ची मार्टिनी-हेन्री गोऱ्यांच्या हाती गेली, तेव्हा त्यांच्या टाकून दिलेल्या स्नायडर देशी पलटणींना मिळाल्या. १८८८ मध्ये पेटीत अनेक काडतुसे भरण्याची ली-मेटफर्ड आली, तेव्हा मार्टिनी खाली उतरली. कायम एक पिढी मागे. वरच्याने वापरून झाल्यावर उतरलेले कापड खालच्याला द्यायचे, ही रीत आपल्या गावगाड्याला नवी नव्हती. फरक इतकाच की येथे उतरलेले घेणाऱ्यांत ब्राह्मण शिपाईही होता, रजपूतही होता. गोऱ्या साहेबाने सगळ्यांनाच एका उतरंडीत बसवले तेव्हा ज्यांना त्याचा अपमान वाटला, त्यांना आपली स्वतःची उतरंड कधी टोचली नाही.

या उतरलेल्या बंदुकांनीही काय लढाया झाल्या! दुसऱ्या अफगाण युद्धात १६ एप्रिल १८८० रोजी दाब्राई या ठाण्यावर शेकडो पठाण चालून आले. हल्ला होणार अशी सूचना आधी मिळूनही मेजर वॉडबी, शिपाई इलाहीबक्ष आणि शिपाई सोननाक ताननाक यांनी ठाणे सोडले नाही आणि तिघेही लढता लढता पडले. वॉडबी आणि हे दोघे १९ व्या मुंबई पलटणीचे. एक ख्रिस्ती, एक मुसलमान, एक महार. त्याच वर्षी जुलैत मैवंदच्या रणांगणावर इंग्रजांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या आणि शेजारी लढणाऱ्या मुंबईच्या देशी पलटणींकडे स्नायडर. मरण मात्र दोघांनाही सारखेच आले.

याच एन्फील्डची दुसरी एक हकिगत सातासमुद्रापलीकडची आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी ही इंग्रजी रायफल लाखोंनी विकत घेतली. उत्तरेच्या बाजूने सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक गुलामगिरीविरुद्ध लढले. त्यांतील पुष्कळांच्या हाती हीच आट्यांची एन्फील्ड होती, गोऱ्या सैनिकांकडे होती तशीच. पगारात मात्र भेद. गोऱ्याला महिना १३ डॉलर, काळ्याला १०, आणि त्यातूनही कपड्याचे ३ कापून. कित्येकांनी कमी पगार घेण्यास नकार दिला, तेव्हा १८६४ मध्ये कायदा बदलला. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. तिथे पगार कमी, पण बंदूक बरोबरीची. इथे पगारही कमी आणि बंदूकही मागची.

आणि मग बंदूकच गेली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. उत्तरेकडच्या काही जाती तेवढ्या लढाऊ, दक्षिणेकडचे शिपाई निकामी, हा सिद्धान्त त्याच्या काळात सरकारी धोरण बनला. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. आमच्या लोकांना याचे कारण आजही नीट सांगितले जात नाही. कोणी म्हणतो इंग्रजांचा लहरीपणा. खरे तर जातीचा शोध साहेबाने लावलेला नव्हता. तो त्याला येथे तयार मिळाला. वरच्या जातीचे शिपाई अस्पृश्य सुभेदाराचा हुकूम मानणार नाहीत, ही अडचण त्याने आपल्या सोयीने सोडवली आणि तिला शास्त्राचे नाव दिले.

हा सिद्धान्त किती पोकळ होता याची साक्ष रायफलच देते. ब्राउन बेसच्या काळात रांगेत उभे राहण्याचे धैर्य आणि ठासण्याची चपळाई लागत होती. ती महार शिपायाने दाखवून दिली होती. मार्टिनीला एक दांडा खाली ओढला की कोठी उघडते. ली-मेटफर्डमध्ये तर एकामागून एक काडतुसे पेटीतूनच वर येतात. म्हणजे हत्यार जसजसे यंत्र बनत गेले, तसतसे ते शिकवील त्याला चालवता येऊ लागले. नेमक्या त्याच वेळी लढणे ही रक्तातली गोष्ट आहे असा शोध लागला! ज्या दशकात कोणाही तरुणाला सहा महिन्यांत नेमबाज करता येईल अशी रायफल आली, त्याच दशकात आमच्या तरुणाला सांगण्यात आले की तुझ्या जातीला नेम धरता येत नाही.

गोपाळबाबा वलंगकर स्वतः लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ मध्ये अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०२ मध्ये सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरवली, सरकारकडे अर्ज केले, आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे दाद मागितली. लष्कर आणि पोलिसात आम्हाला घ्या, एवढीच मागणी. हे अर्ज वाचणाऱ्यास त्यांतील भाषा आज नरम वाटेल. मायबाप सरकार, राजनिष्ठा वगैरे. त्यावरून काही विद्वान नाक मुरडतात. त्यांनी एवढेच पाहावे की ज्यांना गावच्या चावडीवर बसू दिले जात नव्हते, ते लंडनच्या मंत्र्याला जाब विचारत होते.

सरकारला गरज पडली की सिद्धान्त गुंडाळला जातो. १९१४ च्या शरदात हिंदी फौज फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली तेव्हा तिच्या हातातल्या जुन्या रायफली काढून गोऱ्या फौजेची नवी ली-एन्फील्ड देण्यात आली, कारण आता समोर जर्मन होता आणि एकच काडतूस सर्वांना पुरवायचे होते. पन्नास वर्षांचा 'एक पिढी मागे'चा नियम बंदराच्या धक्क्यावर संपला. १९१७ मध्ये माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटणही उभी राहिली. युद्ध संपले, आणि १९२१ पर्यंत ती मोडून टाकण्यात आली.

हा अनुभव गाठीशी घेऊन बाबासाहेब १९३० मध्ये गोलमेज परिषदेत उभे राहिले. इंग्रजांच्या आधी आम्हाला सैन्यात प्रवेश नव्हता, आज तरी तो मार्ग खुला आहे काय, हा त्यांचा थेट सवाल होता. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात ते आणखी खोल गेले. युरोपातल्या दुबळ्या माणसाकडे लष्करी सेवा, राजकीय हक्क आणि शिक्षण ही तीन साधने होती, म्हणून तो उठू शकला; चातुर्वर्ण्याने येथील बहुजनांना तिन्हींपासून तोडले, अशी त्यांची मांडणी आहे. १९४१ मध्ये ते संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर आले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १८९३ पासून मोजले तर जवळपास अर्धशतक! १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट केले गेले. ली-एन्फील्डचेच ३०३ चे काडतूस पट्ट्याने खाणारी विकर्स मशीनगन तिच्या हाती आली. तिच्या बिल्ल्यावर दोन विकर्स तोफा आडव्या-उभ्या कोरल्या गेल्या, आणि आधी त्यांच्यासोबत कोरेगावचा स्तंभही होता. ज्यांना साधी बंदूक पेलवणार नाही असे सांगितले, त्यांच्याकडे पायदळाचे सर्वांत अवजड यंत्र सोपवावे लागले.

स्वातंत्र्यानंतरची रायफलीची कथा वेगळ्या अर्थाने उद्बोधक आहे. भरती कायद्याने सर्वांना खुली झाली. महार रेजिमेंटमध्येही सर्व जातींचे, सर्व प्रांतांचे जवान आले. पण 'एक पिढी मागे' हे काही गेले नाही. १९६२ मध्ये आमचे जवान प्रत्येक गोळीला बोल्ट ओढावी लागणारी ३०३ घेऊन हिमालयात उभे होते आणि समोरच्या चिनी सैनिकांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातून ७.६२ ची एसएलआर आली. चांगली, दणकट, पण लांब आणि जड. १९८७ मध्ये श्रीलंकेच्या झाडीत तीच एसएलआर घेऊन गेलेल्या शांतिसेनेसमोर एके-४७ होत्या. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या छातीत गोळी लागली. त्यांनी समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि मग प्राण सोडला. तमिळ घरात जन्मलेल्या या अधिकाऱ्याने महार रेजिमेंटला परमवीरचक्र मिळवून दिले. लढाऊ जातीचा सिद्धान्त मांडणारे हयात असते तर त्यांना हे कोणत्या खान्यात टाकावे कळले नसते.

पुढे पुण्याच्या पाषाण येथील संस्थेत आखलेली ५.५६ ची इन्सास आली. कारगिलच्या थंडीत १९९९ मध्ये तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे गेले, मध्येच अडकण्याच्या तक्रारी झाल्या. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली उत्तर प्रदेशातील कोरवा येथे बनवण्याचा रशियाशी करार झाला. इतक्या वर्षांत क्षेपणास्त्रे झाली, उपग्रह झाले. पायदळातल्या जवानाच्या खांद्यावरची साडेतीन-चार किलोची वस्तू मात्र सर्वांत शेवटी आठवली. आम्हास यात योगायोग दिसत नाही. जे हत्यार साहेब वापरतो ते लवकर येते. जे शेतकऱ्या-मजुराचे पोर वापरते ते सावकाश येते.

शंका असेल त्याने २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवावी. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन दोघे आले तेव्हा तेथील शिपायांकडे काठ्या आणि तीच ३०३ होती. लष्कराने कधीच टाकलेली. गिरगाव चौपाटीवर साताऱ्याकडचे तुकाराम ओंबळे यांच्या हातात तर लाठीच होती. त्यांनी रायफलीची नळी हातांनी धरली आणि सगळ्या गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना अशोकचक्र मिळाले, ते योग्यच झाले. पण शिपायाला लाठी देऊन एके-४७ समोर पाठवणाऱ्यांचा हिशेब कोणी मागितला?

आणखी एक बाजू आहे, जिच्याकडे आमच्या पुढाऱ्यांचे लक्ष नसते. रायफल एकटी चालत नाही, काडतूस लागते, आणि ते काडतूस महाराष्ट्रात बनते. खडकीचा कारखाना १८६९ चा, वरणगावचा १९६४ चा. आमच्या कित्येक घरांत पहिला कायम पगार, पहिला प्रॉव्हिडंट फंड या कारखान्यांनी आणि लष्करी डेपोंनी आणला. देहूरोडच्या लष्करी वस्तीतील आमच्याच बांधवांनी उभारलेल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हातांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. धर्मांतराच्या पावणेदोन वर्षे आधी! दिवसभर दारूगोळ्याच्या पेट्या मोजणाऱ्या हातांनी संध्याकाळी बुद्धाला फुले वाहिली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटून टाकण्यात आले. कंपनी झाली म्हणजे लगेच विकली असे नव्हे, आणि आरक्षणही कागदावर राहते. पण कायम जागा न भरता कंत्राटावर माणसे घेतली की त्या कागदाचे काय होते, हे सार्वजनिक उद्योगांतला कोणताही मागासवर्गीय कर्मचारी संघटनेचा कार्यकर्ता सांगेल.

सैन्यात तर आरक्षण नाहीच. होती ती पेन्शन. वलंगकरांना पेन्शन होती म्हणून निवृत्तीनंतर पोटासाठी कोणापुढे न वाकता ते लिहू शकले, फिरू शकले. रामजी सुभेदारांच्या पेन्शनीने भिवाचे शिक्षण रेटले. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षे नोकरी, त्यानंतर शंभरातले फार तर २५ कायम, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये आणि घरचा रस्ता. पेन्शन नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ अखेर भरतात. विदर्भ-मराठवाड्यात पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर धावणारी आमची पोरे या योजनेसाठीच धावतात, कारण धावण्याजोगे दुसरे काही त्यांच्यासमोर ठेवलेले नाही. चांगल्या रायफली येतील तेव्हा त्या चालवायला शिकलेल्या चारांपैकी तिघांना त्या खाली ठेवाव्या लागतील. तेव्हा आमच्या खासदारांनी, मग ते कोणत्याही गटाचे असोत, एक साधा प्रश्न संसदेत लेखी विचारावा : प्रत्येक तुकडीतून कायम केलेल्या २५ टक्क्यांमध्ये अनुसूचित जाती-जमातींचे जवान किती, आणि घरी पाठवलेल्या ७५ टक्क्यांमध्ये किती?